नजरकैद, अंधत्व आणि दोन हाडांचं चित्र: गॅलिलिओची शाळेत न सांगितलेली गोष्ट

गॅलिलिओ म्हटलं की आपल्याला तीन गोष्टी आठवतात: दुर्बीण, पिसाचा झुकता मनोरा आणि त्याच्यावर चाललेला खटला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगितलं म्हणून एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला शिक्षा झाली, इथे शाळेच्या पुस्तकातली गोष्ट संपते.

पण शिक्षा झाल्यानंतर गॅलिलिओ साडेआठ वर्षं जगला. घराबाहेर पडायला बंदी होती, लिहिलेलं छापायला बंदी होती, लाडकी लेक गेली होती आणि डोळे हळूहळू विझत होते. अशा अवस्थेत त्याने आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं मानलं जाणारं पुस्तक पूर्ण केलं. त्या पुस्तकात ग्रहताऱ्यांऐवजी तुळया, खांब, दोर आणि खाली पडणाऱ्या वस्तू आहेत. आणि एका पानावर दोन हाडांचं चित्र आहे. एक लहान आणि सडपातळ, दुसरं अवाढव्य आणि बेढब.

प्राण्यांच्या हाडांची ताकद मोजण्याचं आणि तिचं गणित मांडण्याचं जे शास्त्र आज जगभर शिकवलं जातं, त्याची सुरुवात त्या चित्रापासून झाली असं मानतात. या चित्राची गोष्ट म्हणजे एका परीने गॅलिलिओच्या पूर्ण आयुष्याचीच गोष्ट आहे.

डॉक्टर व्हायचं होतं, पण...

१५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा शहरात गॅलिलिओचा जन्म झाला. वडील व्हिन्सेंझो गॅलिली हे ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारे संगीतकार. संगीतातले जुने नियम केवळ जुने आहेत म्हणून मानायला ते तयार नव्हते. तारेला दुप्पट वजन टांगलं की सूर एक सप्तक वर जातो, अशी समजूत शेकडो वर्षं चालत आली होती. व्हिन्सेंझोंनी खरोखरच तारांना वजनं टांगून पाहिली. सूर एक सप्तक चढवायला ताण दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो असं निघालं.

एक गोष्ट दुप्पट केली म्हणून तिच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट दुप्पट होतेच असं नाही. हा धडा गॅलिलिओला घरातच मिळाला होता. पुढे हाडांच्या बाबतीत तोच कामाला येणार होता.

मुलाने वैद्यक शिकावं, डॉक्टर होऊन चार पैसे कमवावेत अशी वडिलांची इच्छा होती. १५८१ मध्ये गॅलिलिओचं नाव पिसाच्या विद्यापीठात घातलं गेलं. पण तिथे त्याला गणिताची गोडी लागली आणि वैद्यक मागे पडलं. १५८५ मध्ये पदवी न घेताच तो घरी परतला. हाडांवर पुढे इतका विचार करणारा हा माणूस डॉक्टरकी अर्धवट सोडून आलेला होता.

नरकाच्या छताचं गणित

१५८८ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या अकादमीने या तरुण गणितज्ञाला एका वेगळ्याच विषयावर व्याख्यानं द्यायला बोलावलं. महाकवी दान्तेने आपल्या काव्यात नरकाचं वर्णन केलं आहे. त्या नरकाचा आकार, जागा आणि मापं गणिताने ठरवायची होती.

गॅलिलिओने काम मन लावून केलं. तळाशी बसलेल्या सैतानाची उंची त्याने जवळपास दोन हजार हात काढली. जमिनीखालच्या इतक्या प्रचंड पोकळीवरचं छत कोसळणार नाही का, या शंकेलाही त्याने उत्तर दिलं. लहान घुमट ज्या प्रमाणात जाड असतो, त्याच प्रमाणात हे छत जाड आहे, तेव्हा लहान घुमट टिकतो तसं तेही टिकेल, असा त्याचा युक्तिवाद होता.

व्याख्यानं गाजली. पुढच्याच वर्षी त्याला पिसाच्या विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली.

पण छताचं ते गणित साफ चुकलेलं होतं. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठी केली की तिचं वजन तिच्या ताकदीपेक्षा जास्त वेगाने वाढतं. लहान घुमट टिकतो म्हणून हजार पट मोठा घुमट टिकेलच असं नाही. आपली ही चूक गॅलिलिओच्या लवकरच लक्षात आली असावी आणि तिथूनच तो या प्रश्नाच्या मागे लागला असावा, असं आजच्या काही अभ्यासकांना वाटतं.

व्हेनिसच्या गोदीतली शाळा

१५९२ मध्ये गॅलिलिओ पाडुआच्या विद्यापीठात गेला आणि तिथे १८ वर्षं राहिला. वडील आदल्याच वर्षी वारले होते. घरातला थोरला म्हणून बहिणींच्या हुंड्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पगार पुरेना, म्हणून तो घरी शिकवण्या घ्यायचा आणि विद्यार्थ्यांना राहायला खोल्या द्यायचा. मरिना गाम्बा या स्त्रीपासून त्याला तीन मुलं झाली: व्हर्जिनिया, लिव्हिया आणि व्हिन्सेंझो. दोघांनी लग्न मात्र कधी केलं नाही. याच काळात त्याला सांधेदुखी जडली आणि तिने शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही.

पाडुआ तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होतं. व्हेनिसची जहाजबांधणीची गोदी सगळ्या युरोपात प्रसिद्ध होती. तिथे शेकडो कारागीर वल्ही, डोलकाठ्या आणि दोर बनवत असत. गॅलिलिओ तिथे जायचा, पाहायचा आणि जुन्याजाणत्या कारागिरांशी बोलायचा. त्यांच्याकडे एक अनुभवाचं शहाणपण होतं. लहान होडी पाण्यात उतरवताना जेवढे टेकू लावतात, त्याच हिशोबाने मोठ्या जहाजाला टेकू लावून चालत नाहीत. जहाज जितकं मोठं, तितके जास्त टेकू लागतात. नाहीतर ते आपल्याच वजनाने मोडतं.

असं का, हे कारागिरांना सांगता येत नव्हतं. पुस्तकी पंडितांना तर हा प्रश्नच पडला नव्हता. भूमितीत लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण यांचे नियम सारखेच असतात, मग लहान आणि मोठ्या जहाजात फरक का पडावा?

गॅलिलिओने यावर काम सुरू केलं. फेब्रुवारी १६०९ मधल्या एका पत्रात तो कळवतो, की वेगवेगळ्या लांबीच्या, जाडीच्या आणि आकाराच्या तुळया किती वजन पेलतात याचे नियम त्याने शोधून काढले आहेत. आता पुस्तक लिहायचं तेवढं बाकी होतं.

आणि मग दुर्बीण आली

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हॉलंडमधून बातमी आली, की दोन भिंगं नळीत बसवली की लांबच्या वस्तू जवळ दिसतात. गॅलिलिओने स्वतःची दुर्बीण बनवली, सुधारली आणि आकाशाकडे वळवली. जानेवारी १६१० मध्ये त्याला गुरूभोवती फिरणारे उपग्रह दिसले. मार्चमध्ये पुस्तक निघालं आणि काही महिन्यांतच त्याचं नाव युरोपभर झालं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याचा राजाश्रय मिळाला. १६१६ मध्ये चर्चने ताकीद दिली. १६३२ मध्ये त्याचं विश्वाच्या दोन रचनांवरचं संवादरूपी पुस्तक छापलं गेलं आणि पोपची खप्पा मर्जी झाली. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, गुडघे टेकून त्याला आपलं मत मागे घ्यावं लागलं. कैदेची शिक्षा सुनावली गेली आणि तिचं रूपांतर नजरकैदेत झालं.

या सगळ्यात तुळया आणि हाडं २४ वर्षं कागदांच्या गठ्ठ्यात पडून राहिली. दुर्बिणीने गॅलिलिओला जगप्रसिद्ध केलं, पण त्याचं हे जुनं काम तिच्यामुळेच लांबणीवर पडलं. आता आकाशाबद्दल बोलण्याची सोय राहिली नव्हती. मग त्याने जुने कागद बाहेर काढले.

लेकीशिवायचं घर

शिक्षेनंतरचे पहिले काही महिने तो सिएना शहरात, तिथले आर्चबिशप पिकोलोमिनी यांच्याकडे होता. आर्चबिशप त्याचे चाहते होते. खचलेल्या गॅलिलिओला त्यांनी पुन्हा कामाला लावलं आणि नव्या पुस्तकाचं लेखन तिथेच सुरू झालं. कैद्याची नको इतकी बडदास्त ठेवली जाते, अशी तक्रार रोमला गेली. डिसेंबर १६३३ मध्ये त्याला फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावातल्या त्याच्या घरी पाठवण्यात आलं. आता उरलेलं आयुष्य तिथेच काढायचं होतं.

एक गोष्ट मात्र चांगली होती. घराजवळच सान मात्तेओचा मठ होता आणि त्याची थोरली मुलगी व्हर्जिनिया तिथे नन होती. आईवडिलांचं लग्न झालेलं नसल्यामुळे दोन्ही मुलींना चांगली स्थळं मिळणं अवघड होतं, म्हणून त्यांना लहान वयातच मठात पाठवलं होतं. मठात व्हर्जिनियाचं नाव झालं सिस्टर मारिया चेलेस्ते. ती वडिलांचे कपडे शिवायची, त्यांच्यासाठी औषधं बनवायची आणि सतत पत्रं लिहायची. गॅलिलिओला शिक्षा म्हणून तीन वर्षं दर आठवड्याला प्रायश्चित्ताची स्तोत्रं म्हणायची होती. तेही काम तिने आपल्या अंगावर घेतलं होतं.

वडील परत येऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच तिला हगवण लागली. २ एप्रिल १६३४ रोजी ती गेली. वय अवघं ३३.

गॅलिलिओ कोलमडला. त्याच सुमारास उपचारासाठी फ्लॉरेन्सला जाण्याची परवानगी त्याने मागितली होती. ती नाकारण्यात आली आणि पुन्हा अर्ज केलास तर तुरुंगात टाकू अशी तंबीही मिळाली. काही महिने काम थांबलं. पण त्यानंतर तो पुन्हा लिहायला बसला.

घोडा मरतो, मांजर का मरत नाही?

नवं पुस्तकही संवादरूपात आहे. साल्वियाती, साग्रेदो आणि सिंप्लिचियो हे तिघे चार दिवस गप्पा मारतात. यातले पहिले दोघे गॅलिलिओचे खरेखुरे मित्र होते आणि ते वारून बरीच वर्षं झाली होती. गप्पांची सुरुवात होते ती व्हेनिसच्या त्याच गोदीत, टेकूंच्या प्रश्नापासून. मग विषय प्राण्यांवर येतो.

तीन-चार हात उंचीवरून घोडा पडला तर त्याची हाडं मोडतात. तेवढ्याच उंचीवरून कुत्रा पडला तर त्याला काही होत नाही. मांजर आठ-दहा हातांवरून पडलं तरी झटकून उठतं. टोळ मनोऱ्यावरून पडला तरी त्याला इजा होत नाही. लहान मुलं पडतात आणि खेळायला पळतात, पण तेवढ्याच उंचीवरून मोठा माणूस पडला तर पाय मोडून बसतो. लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर पेलू शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाही पेलवणार नाही.

का? उत्तर साध्या गुणाकारात आहे.

समजा, एका कुत्र्याला जादूने सगळ्या बाजूंनी तिप्पट मोठं केलं. त्याची लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही तिप्पट. म्हणजे वजन झालं ३ × ३ × ३ = २७ पट. हे वजन पेलायचं आहे पायाच्या हाडांनी. हाड किती वजन पेलेल हे त्याच्या जाडीवर, म्हणजे आडवं कापलं तर दिसणाऱ्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं. ते वाढलं ३ × ३ = ९ पट. वजन २७ पट, ते पेलणारं क्षेत्रफळ ९ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता तिप्पट भार आहे. कुत्रा दहापट केला तर तो दहापट होईल. असं वाढवत गेलं की एका टप्प्यावर हाड उभ्या उभ्या चुरडणार.

म्हणजे गोष्टीतला राक्षस, ज्याचे हातपाय आपल्यासारखेच सुबक आहेत पण उंची ताडामाडाएवढी आहे, तो खऱ्या जगात एक पाऊलही टाकू शकत नाही. गॅलिलिओ म्हणतो की असा राक्षस हवाच असेल तर तीनच वाटा आहेत. त्याची हाडं जास्त मजबूत पदार्थाची हवीत, किंवा ती बेढब जाड हवीत, किंवा मग तो त्याच्या आकाराच्या मानाने दुबळा असणार.

चित्रातली दोन हाडं इथे येतात. दुसरं हाड पहिल्याच्या तिप्पट लांब आहे, पण जाडी जवळपास नऊपट. लहान प्राण्याच्या अंगात लहान हाड जे काम करतं, तेच काम अवाढव्य प्राण्याच्या अंगात करायचं तर हाड असं दिसावं लागेल.

मग देवमासा एवढा मोठा कसा? गॅलिलिओने याचंही उत्तर दिलं आहे. पाणी त्याचं वजन पेलतं. जमिनीवर हाडं मांसाला सांभाळतात. पाण्यात तो भार हाडांवर पडत नाही.

पोकळ हाड जास्त मजबूत कसं?

वजन उभं पेलणं वेगळं आणि वाकताना न मोडणं वेगळं. हाडं बहुतेक वेळा वाकवणाऱ्या जोरानेच मोडतात. म्हणून गॅलिलिओने भिंतीत एका टोकाने बसवलेल्या तुळईचा विचार केला, जिच्या मोकळ्या टोकाला वजन टांगलेलं आहे.

हे घरी करून पाहता येतं. प्लॅस्टिकची फुटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून वाकवायचा प्रयत्न करा, ती दाद देत नाही. पदार्थ तोच, वजन तेच, फक्त उभी जाडी वाढली. गॅलिलिओने हिशोब मांडला: फुटपट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर कडेवर उभी धरल्यावर तिची मोडण्याविरुद्धची ताकद दहापट होते. गोल दांड्याची जाडी दुप्पट केली तर ही ताकद आठपट होते.

यातूनच पोकळ हाडांचं कोडं सुटलं. ठरावीक वजनाचा पदार्थ घेऊन त्याचा भरीव दांडा करण्याऐवजी नळी केली, तर नळीचा व्यास मोठा होतो आणि ती वाकताना जास्त जोर सहन करते. पक्ष्यांची हाडं, बोरू आणि गव्हाचं काड यांची उदाहरणं त्याने दिली आहेत. काड भरीव असतं तर तेवढ्याच वजनात बारीक झालं असतं आणि कणसाच्या भाराने मोडलं असतं. बांबू वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही, त्यामागेही हेच गणित आहे. आपल्या मांडीचं हाडही मधून भरीव नसतं, तिथे मज्जा असते.

हस्तलिखित देशाबाहेर कसं गेलं?

पुस्तक तयार होत होतं, पण छापणार कोण? गॅलिलिओचं नवं-जुनं काहीच छापू द्यायचं नाही असा रोमचा हुकूम होता. व्हेनिसमध्ये प्रयत्न झाला, तिथे हा हुकूम आडवा आला. जर्मन भाषक प्रदेशांतही खटपट झाली, तिचंही काही जमलं नाही.

शेवटी हॉलंडमधल्या लायडन शहरातल्या एल्झेव्हिर या प्रकाशकांनी तयारी दाखवली. हॉलंड प्रोटेस्टंट, तिथे पोपचा हुकूम चालत नव्हता. १६३६ मध्ये लोडेवाइक एल्झेव्हिर स्वतः आर्चेत्रीला येऊन भेटून गेले आणि हस्तलिखित टप्प्याटप्प्याने बाहेर गेलं.

यात धोका गॅलिलिओच्या जिवाला होता. म्हणून त्याने एक बहाणा रचला. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत त्याने असं भासवलं, की आपण तर छापायचा विचारच सोडून दिला होता. हस्तलिखिताची एक प्रत जपून ठेवण्यासाठी फ्रान्सचे राजदूत काउंट द नोआय यांना दिली होती, ती प्रकाशकांच्या हाती कशी पोहोचली कोण जाणे. नोआय हे त्याचे पाडुआतले जुने विद्यार्थी. त्यांनी हे नाटक निभावून नेलं.

१६३७ मध्ये लायडनमध्ये पानं छापली जात होती आणि इकडे गॅलिलिओची नजर जात होती. आधी उजवा डोळा गेला, मग वर्ष संपता संपता डावाही. १६३८ मध्ये पुस्तक बाहेर पडलं. दोन नव्या शास्त्रांबद्दलचे संवाद असा त्याच्या नावाचा अर्थ. एक शास्त्र गतीचं आणि दुसरं पदार्थांच्या मजबुतीचं. छापील प्रत हातात आली तेव्हा ती वाचायला त्याला डोळे नव्हते. आपणच काढलेलं दोन हाडांचं चित्र छापील पानावर त्याला कधीच पाहता आलं नाही.

गॅलिलिओ कुठे चुकला?

गॅलिलिओने वाकणाऱ्या तुळईचं गणित मांडलं, पण त्यात एक मोठी चूक होती. तुळई मोडताना तिचा पूर्ण छेद एकसारखा ताणला जातो आणि ती फक्त खालच्या कडेवर कलते, असं त्याने धरलं. प्रत्यक्षात वाकणाऱ्या वस्तूची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मध्ये एक थर असा असतो जो ना ताणला जातो ना दाबला जातो. हा हिशोब पुरता नीट मांडायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. फ्रान्सच्या मारिओतने सुरुवात केली आणि विजेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या कूलोमने १७७३ मध्ये ते स्पष्ट केलं. आयताकृती तुळईसाठी गॅलिलिओचं उत्तर योग्य आकड्याच्या तिप्पट येतं.

मजा अशी, की ही तिप्पट चूक सगळ्या आयताकृती तुळयांना सारखीच लागू होते. त्यामुळे एक तुळई दुसरीपेक्षा कितीपट मजबूत, हे त्याचं प्रमाण बरोबरच राहिलं. फुटपट्टीची दहापट आणि दांड्याची आठपट आजही खरी आहे.

दुसरा प्रश्न चित्रातल्या हाडाचा. तिप्पट लांब हाडाला नऊपट जाडी, हा आपल्याच वजनाने वाकणाऱ्या तुळईचा हिशोब झाला. प्राणी सरळ खांबासारखा उभा आहे असं धरलं तर सुमारे ५.२ पट जाडी पुरते. मग निसर्गात खरंच किती असते? १९७९ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिचुंद्रीएवढ्या इवल्या प्राण्यांपासून हत्तीपर्यंतच्या सस्तन प्राण्यांच्या पायांची हाडं मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी काढली तर हाड तिप्पट लांब होतं तेव्हा जाडी जेमतेम ३.१ पट होते. गाय-हरणांच्या कुळात ती याहून जास्त वाढते, पण एकंदरीत हाडं गॅलिलिओच्या अंदाजापेक्षा खूपच सडपातळ निघाली.

मग हत्ती कोसळत का नाही? कारण निसर्गाने हाडापेक्षा उभं राहण्याची पद्धत बदलली. उंदीर पाय दुमडून दबकलेला असतो, त्यामुळे त्याची हाडं सतत वाकवली जातात. हत्तीचे पाय सरळ खांबासारखे असतात, त्यामुळे भार हाडाच्या लांबीच्या दिशेने जातो. शिवाय हत्ती उड्या मारत नाही. म्हणूनच प्राणी लहान असो वा मोठा, जोराच्या हालचालीत हाडावर जेवढा ताण येतो त्याच्या साधारण दोन ते चारपट ताण झाल्यावरच हाड मोडतं, असं मोजमापांतून दिसलं आहे. आकार वाढला की काहीतरी बदलावंच लागतं, हे गॅलिलिओचं म्हणणं टिकलं. काय बदलतं, ते सांगायला मात्र मोजमापं लागली.

आज ही मोजमापं प्रयोगशाळेत होतात. हाडाचा तुकडा दोन टेकूंवर आडवा ठेवून यंत्राने मधोमध दाबतात आणि किती जोराला तो किती वाकला याचा आलेख काढतात. माणसाच्या मांडीच्या हाडाचा घट्ट भाग लांबीच्या दिशेने ताणला तर एका चौरस सेंटिमीटरला सुमारे १३०० किलो आणि दाबला तर सुमारे २००० किलो भारापर्यंत टिकतो. याच्या पुढचं काम संगणक करतो. सीटी स्कॅनवरून हाडाची प्रतिकृती तयार करून तिचे लाखो बारीक तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढलं जातं. कृत्रिम सांधा कसा बसवायचा आणि ठिसूळ झालेलं हाड कुठे मोडू शकतं, हे अशा प्रतिकृतींवर तपासतात.

पाडुआतला मणका

८ जानेवारी १६४२ रोजी आर्चेत्रीच्या त्याच घरात, वयाच्या ७७ व्या वर्षी गॅलिलिओ वारला. शेवटच्या दिवसांत विव्हियानी आणि तोरिचेल्ली हे तरुण शिष्य सोबत होते. चर्चच्या नाराजीमुळे त्याचं मोठं स्मारक उभारता आलं नाही. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या एका आडबाजूच्या लहानशा खोलीत त्याला पुरलं.

तब्बल ९५ वर्षांनी, १२ मार्च १७३७ रोजी, त्याचे अवशेष त्याच चर्चमधल्या मोठ्या थडग्यात हलवण्यात आले. कबर उघडली तेव्हा तिथे एका स्त्रीचेही अवशेष सापडले. ती मारिया चेलेस्तेच असावी असं मानलं जातं. तेही त्याच्यासोबत नव्या थडग्यात ठेवले गेले.

त्या दिवशी जमलेल्या चाहत्यांनी आठवण म्हणून त्याची काही बोटं, एक दात आणि एक मणका काढून घेतला. मधलं बोट आज फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात आहे. मणका पाडुआच्या विद्यापीठात आहे, जिथे त्याने १८ वर्षं शिकवलं आणि तुळयांचं गणित सोडवलं.

तो कमरेचा पाचवा मणका आहे, कण्यातल्या सुट्या मणक्यांपैकी सर्वात खालचा. माणूस उभा असतो तेव्हा डोकं, हात, छाती आणि पोट, सगळ्याचं वजन या एका हाडावर येऊन पडतं. म्हणून तो कण्यातल्या सर्वात दणकट मणक्यांपैकी एक असतो आणि मानेतल्या मणक्यांपेक्षा कितीतरी जाड असतो. तो तसा का असावा लागतो, याचं गणित पहिल्यांदा मांडणाऱ्या माणसाचाच हा मणका आहे.